इंटरनेटचं पाणी शेपटापर्यंत नेणारे सोपानतात्या

– सुमन जयवंत थोरात, लासुर्णे

श्री. सोपानराव चांदगुडे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे सोपानतात्या, यांची आणि माझी पहिली ओळख आमच्या पडवीत झाली. त्या दिवशी ते आमचा टेलिफोन जोडायला आले होते आणि न जोडताच परत गेले.

आले अगदी वेळेवर. भवानीनगरच्या एक्स्चेंजमधून सायकलीला वायरचं भेंडोळं अडकवून आले, खांबावर चढले, वायर पडवीपर्यंत ओढली. मी चहा घेऊन गेले आणि सहज विचारलं, "भाऊ, बोललेलं ह्या तारेतून जातं म्हणजे नेमकं काय जातं हो?" माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं जे काही आहे ते वाचून वाचून आलेलं. वाण्याकडच्या पुड्यांचे कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय चुलीत घातलेले नाहीत. त्यामुळं विचारायची लाज मला कधी वाटली नाही.

तात्यांनी पक्कड खाली ठेवली. परातीत पाणी मागवलं, त्यात बोट बुडवून लाटा दाखवल्या. मग आमच्या मालकांना विहिरीच्या थारोळ्याजवळ उभं करून ओरडायला लावलं आणि सासूबाईंना विहिरीच्या दुसऱ्या अंगाला ऐकायला उभं केलं. आवाजाची लाट कशी होते, तिची वीज कशी होते, पलीकडं विजेचा परत आवाज कसा होतो, सगळं झालं. दिवस मावळायला आला तेव्हा ते उठले, "बरंय, येतो," म्हणाले आणि सायकल घेऊन गेले. फोन फळीवर तसाच, वायरीची दोन टोकं मोकळी.

सासूबाईंनी रिसिव्हर उचलून कानाला लावला. "आरं, ह्यात काय ऐकूच येत न्हाय की!"

मालक म्हणाले, "पण का ऐकू येत न्हाय ते आता सगळ्यांना कळलंय."

दुसऱ्या दिवशी तात्या परत आले, खाली मान घालून फोन जोडला. चहा मात्र घेतला नाही. म्हणाले, "चहा घेतला की वहिनी काय तरी इचारणार."

या गौरवग्रंथात तात्यांच्या नोकरीविषयी त्यांचे सहकारी लिहितीलच. बारामतीच्या एक्स्चेंजमध्ये त्यांनी काय काय केलं, पुरात खांब कसे उभे केले, हे मला दुरूनच माहीत. मी लिहिणार आहे ते निवृत्तीनंतरच्या तात्यांविषयी. ते मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे. निवृत्तीनंतर आमच्या वस्तीवर पत्नी कमलकाकूंच्या माहेरच्या जमिनीत घर बांधून राहिले. "घरजावई व्हायला साठी गाठली," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तात्यांच्या समजावून सांगण्याच्या सवयीवरही काकूंचं एक मत आहे. "घरात ह्यांचं कुणी ऐकत न्हाय, म्हणून भाईर सांगत फिरत्यात."

आमच्या मालकांची आणि तात्यांची दोस्ती त्याच दिवसांतली. तात्यांचं रान आणि आमचं रान एकाच बांधाला. सकाळी तात्या बांधावर उभे राहत आणि हाक देत, "जयवंताऽऽ!" उसातून कुठून तरी उत्तर येई, "ओऽऽ!" बस्स. काम काही नसे. ओ आली की तात्या आपल्या वाटेनं जात. ओ लवकर आली तर मालक जवळच्या सरीत आहेत, उशिरा आली तर पार विहिरीकडं आहेत, एवढं त्यांना त्यावरून कळे. मी एकदा विचारलं, "काम नसताना हाक कशाला मारता?" तर म्हणाले, "लाइन चालू हाय का बघतो, वहिनी."

आमच्याकडं मोबाईलला रेंज कमी. ऊस डोक्याच्या वर गेला की रेंज आणखी कमी होते, असं वस्तीचं म्हणणं. तात्यांना हे पटत नाही, ते त्याची वेगळी कारणं सांगतात, पण ती ऐकायलाही उसाबाहेर यावं लागतं. मग रस्त्याच्या कडेनं फायबर आली, तशी तात्यांनी खटपट करून वाचनालयाच्या खोलीत ब्रॉडबँड घेतलं आणि तिथून वस्तीतल्या घरांना वायरी ओढून दिल्या. हे वाचनालय मी सांभाळते. एक कपाट, एक फळा, दोन सतरंज्या. त्या कपाटावर ते दिवे लागलेलं डबडं बसलं आणि वाचनालयाला कधी नव्हती एवढी गर्दी झाली.

पण तात्यांनी एक नियम घातला. समजल्याशिवाय पासवर्ड नाही. ज्याला इंटरनेट पाहिजे त्यानं गुरुवारी फळ्यासमोर बसायचं, एक शब्द समजून घ्यायचा आणि दुसऱ्याला समजावून सांगायचा. मग तात्या कानात पासवर्ड सांगणार. वस्तीतल्या लोकांनी आजवर बँकेत, कारखान्यात, तहसीलमध्ये नाना अटी पाळल्या होत्या. ही अट त्यांना सगळ्यांत कडक वाटली.

तात्यांचं शिकवणं मात्र असं, की एकदा ऐकलेलं विसरायचं नाही. मेगाबिट आणि मेगाबाईट यांत काय फरक? तात्यांनी फळ्यावर ऊस काढला. "हे कांडं म्हणजे बिट. आठ कांड्यांचा हा आख्खा ऊस म्हणजे बाईट. कंपनी जाहिरातीत कांडी मोजून सांगती. फोनवर पिच्चर उतरवून घेताना मोजणी आख्ख्या उसात व्हती. मग आपल्याला वाटतं, फसवलं. फसवलं न्हाय, कांडी मोजली." अनलिमिटेड प्लॅनला फेअर यूजची अट असते, ती कशी? "लग्नाची पंगत. पोटभर जेवा म्हणत्यात. पण जिलबी ठरल्याइतकीच. ती संपली की पुढं नुसता भात. उपाशी उठवत न्हाईत, भाताचाच वेग कमी करत्यात." आयपी ॲड्रेस म्हणजे जमिनीचा गट नंबर, तो असल्याशिवाय माहिती कुणाच्या दारात टाकायची ते कळत नाही. "आणि आपला हा गट नंबर मधनंमधनं बदलतो," असं तात्यांनी सांगितल्यावर मात्र पुढच्या रांगेत गडबड झाली. बदलणारा गट नंबर ऐकून दोघांनी सातबारा बघायला जायचं ठरवलं.

बफरिंग म्हणजे शेततळं. पाणी थेट पिकाला न देता आधी तळ्यात साठवायचं, म्हणजे वरून धार तुटली तरी खाली ठिबक चालू राहतं. ते चाक फिरतं तेव्हा तळं भरत असतं, फोनला थापडा मारून ते लवकर भरत नाही. हे वाक्य तात्यांनी कमलकाकूंकडं बघून म्हटलं. काकूंनी तिथल्या तिथं ऐकवलं, "मग तळं आधी भरून ठिवावं. माझी भाजी करपली चाक बघत."

आणि पिंग. हा शब्द आला तेव्हा तात्यांनी फळा पुसून ठेवला. म्हणाले, "ह्याला चित्र नको. बांधावरनं हाक मारायची आणि ओ कधी येती ते बघायचं, हेच पिंग. मी रोज करतो." मागच्या सतरंजीवर आमचे मालक बसले होते. त्यांनी तिथूनच "ओऽऽ" केलं आणि सगळं वाचनालय हसलं.

आता जरा हसण्यासारख्या नसलेल्या गोष्टीकडं येते, थोडक्यात. त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, मालक शेतातून आले, पाणी मागितलं आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत गेले. त्यानंतर बांधावर हाक आली नाही. तात्यांनी पुष्कळ दिवस तो बांधच टाकला. लांबच्या रस्त्यानं शेतात जायचे. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

गुरुवार मात्र त्यांनी बंद पडू दिला नाही. महिना झाल्यावर मला म्हणाले, "वहिनी, फळा पुसायला माणूस न्हाय." मी गेले. त्या दिवशी बँडविड्थ होती, आणि आमच्या वस्तीच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा घोटाळा त्याच दिवशी झाला.

तात्या म्हणाले, "बँडविड्थ म्हणजे कालव्याची रुंदी. कालवा जेवढा रुंद, तेवढं एका वेळी पाणी जास्त. वरच्या लोकांनी सगळी दारं एकदम उघडली, तर खालच्याला धार बारीक."

भिवाआबा उठून उभे राहिले. आबांचं घर वायरीच्या पार टोकाला, माझ्या घराच्या शेजारी. त्यांचं शेतही कालव्याच्या चारीच्या टोकाला. म्हणजे आबा दोन्हीकडून शेपटाचे. शेपटाच्या माणसाला आमच्याकडं जन्मभर एकच काम, वरच्यांनी पाणी खाल्लं म्हणून भांडायचं.

"थांबा," आबा म्हणाले. "म्हंजी ह्यो कालवाच हाय म्हणा की."

"तसंच समजा," तात्या म्हणाले.

"मग हितं पाळी का न्हाय? आमच्या घरी सांजचं नातीचं तोंड फोनवर दिसत न्हाय, नुसतं चाक फिरतं. आणि हा विलास वाचनालयाच्या भिताडाला घर करून बसलाय, दिसभर शर्यती बघतोय. पाळी लावा!"

विलासराव म्हणाले, "आबा, माझं घर हितं हाय त्याला मी काय करू? उचलून नेऊ?"

तात्यांनी हात वर केले. "आबा, हे पाणी न्हाय. सगळ्यांना एकदम घेता येतं. ती उपमा हाय, उपमा!"

"कालवा म्हणला का न्हाय तुमी?"

"म्हणलो, पण..."

"मग झालं. दिलेला शब्द उपमा म्हणून माघारी घ्यायचा न्हाय."

वस्तीनं आबांच्या बाजूनं कौल दिला. फळ्यावर पाळीपत्रक लागलं. सकाळी वरची घरं, दुपारी मधली, संध्याकाळी शेपूट. कालव्यावर दारं उघडायला-बंद करायला जसा पाटकरी असतो, तसा इथंही पाहिजे म्हणून पाटकरी नेमला. तो कोण, हे सांगायला नको. इतकी वर्षं अख्ख्या तालुक्याची लाइन चालू ठेवलेले तात्या पंच्याहत्तरीच्या उंबऱ्यावर घरोघर जाऊन वायफाय बंद करू लागले.

तात्यांनी ही पाटकरकी किती सचोटीनं केली त्याचा एकच दाखला देते. एका संध्याकाळी, शेपटाच्या पाळीत, एका घरात चोरून दार उघडलेलं आढळलं. म्हणजे कुणी तरी व्हिडिओ बघत होतं. तात्यांनी शोध घेतला. ते घर त्यांचंच निघालं. कमलकाकू पुरणपोळीची नवी रीत बघत होत्या. तात्यांनी आपल्याच दारात उभं राहून दंड ठोठावला, वाचनालयाला चहापत्तीचा पुडा.

काकू म्हणाल्या, "देते की. पण पोळ्या आता शेपटाच्या लोकांकडंच खावा."

तात्यांनी तीन दिवस भाकरी खाल्ली. दंड माफ केला नाही.

ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले, ती याच्या पुढची.

आमच्या मालकांचा मोबाईल नंबर मी चालू ठेवला आहे. साधा बटणांचा फोन आहे तो. देवाच्या फळीखाली चार्जिंगला असतो. लेक म्हणाली, "आई, कशाला? सगळं तुझ्या नंबरवर करून देते." तिचं चूक नाही. पण हा नंबर आमच्या ट्रॉलीच्या मागं रंगवलेला आहे, डेअरीच्या भिंतीवर आहे, उसाचं बेणं मालकांकडून नेलेल्या किती तरी माणसांच्या फोनमध्ये आहे. अजून फोन येतात. "जयवंतराव हायेत का?" मी सांगते, ते नाहीत. मग पलीकडचा माणूस काही तरी सांगतो. कुणाच्या लग्नात ट्रॅक्टर दिला होता, कुणाच्या मोटारीला स्वतः विहिरीत उतरले होते. जी मला कधी सांगितली नव्हती अशी त्यांची कामं मला ह्या फोनवर कळली आहेत.

मग कंपनीचा मेसेज आला. ग्राहकाची ओळख पुन्हा पटवा, नाहीतर सेवा बंद होईल.

मी तात्यांकडं गेले. "बंद झाला तर नंबराचं काय होतं?"

"काही दिवस पडून राहतो. मग दुसऱ्या कुणाला देत्यात."

"म्हणजे कुणी तरी जयवंतरावांना हाक मारणार, आणि तिकडून कुणी तरी राँग नंबर म्हणणार?"

तात्या उठले, सदरा घातला.

ओळख पटवणं, ज्याला केवायसी म्हणतात, ते त्यांनी वाटेत समजावलं. पेन्शनवाला दरवर्षी हयातीचा दाखला देतो ना, तसं. "फक्त वहिनी, इथं अडचण अशी, की..." एवढं बोलून ते थांबले. मीच म्हटलं, "की दाखला देणारा हयात नाही." पहिल्यांदा आम्ही ते मोठ्यानं बोललो, आणि तेही केवायसीमुळं.

कंपनीच्या मदत क्रमांकावर तात्यांनी स्पीकर चालू करून फोन लावला. एक मुलगा गोड आवाजात म्हणाला, "कस्टमरना लाइनवर घ्या."

मी म्हटलं, "ते नाहीत."

"काही हरकत नाही मॅडम. कधी येतील?"

तात्यांनी फोन घेतला. "ते येणार न्हाईत. वारलेत."

"ओह. सॉरी सर. ते आल्यावर त्यांना..." मुलगा अडखळला. त्याला वाचून दाखवायला दिलेलं तिथंच संपलं असावं. "सर, आपण त्यांचे कोण?"

तात्यांनी विचार केला. "त्यांचा टेलिफोनवाला."

शेवटी बारामतीच्या दुकानात जाऊन नंबर माझ्या नावावर करायचे कागद दिले. मृत्यूचा दाखला, लेकीची संमती, माझं आधार. आता एकच पायरी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची बाई माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल करणार, माझा चेहरा आणि कागद बघणार. मुदतीचा तो शेवटचा दिवस. कॉल झाला नाही तर नंबर गेला.

सकाळ म्हणजे वरच्या घरांची पाळी. तात्यांनी आबांकडून सवलत काढली, एका घराला जादा धार. आबांनी मान हलवली. मी नवं लुगडं नेसून फोनसमोर बसले. तात्या शेजारी. कॉल आला. बाई दिसली, "नमस्कार, आपलं नाव..." एवढं म्हणाली आणि तिचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. चित्र थिजलं. कॉल तुटला.

लगेच मेसेज आला. थोड्या वेळात पुन्हा एकदा प्रयत्न केला जाईल. एकदाच.

तात्या वाचनालयाकडं निघाले आणि मी त्यांच्या मागं. कॉल का तुटला ते तात्यांना वाटेतच कळलं. विलासरावांच्या दारात मांडव, माणसं, रंगीत पताका. त्यांच्या शर्यतीच्या बैलाचा, सोन्याचा, वाढदिवस होता. सोन्याच्या गळ्यात हार, पुढं मोठा केक आणि तीन फोन उभे करून साऱ्या जगाला थेट प्रक्षेपण.

इथं मला एक समजावून सांगावं लागेल, तात्यांच्याच शब्दांत. डाउनलोड म्हणजे आपल्याकडं येणारं पाणी आणि अपलोड म्हणजे आपल्याकडून जाणारं. आमच्या कनेक्शनचा येणारा पाट रुंद आहे, जाणारा अरुंद. व्हिडिओ कॉलमध्ये माझा चेहरा त्या अरुंद पाटातूनच जायचा. आणि त्या पाटात सोन्या आडवा उभा होता.

"विलास," तात्या म्हणाले, "फोन बंद कर."

"तात्या, माझी पाळी हाय! फळ्यावर बघा. आणि केक कापायचाय, पाव्हणं मुंबईस्नं बघत्यात."

एरवी तात्यांनी अपलोड म्हणजे काय इथून सुरुवात केली असती. तेवढ्यात कॉल येऊन गेला असता. मी वाट बघत होते, आता परात मागवतात की काय. तात्या फक्त म्हणाले, "जयवंताचा नंबर चाललाय."

विलासरावांनी तिन्ही फोन बंद करून पालथे घातले. एकदाही "का" विचारलं नाही. त्यांच्या ट्रॉलीला आमच्या मालकांनी एकदा रात्रभर जोडणी करून दिली होती, हे मला त्याआधीच त्या फोनवरून कळलं होतं. विलासरावांच्याच तोंडून, वस्तीतच असून त्यांनी एकदा तो नंबर लावला होता.

आमच्याकडं एक रीत आहे. चारीवर कितीही भांडणं असोत, पण एखाद्याचं पीक जळायला लागलं तर मधले लोक आपली पाळी सोडतात. मागावी लागत नाही. भिवाआबा देवळात गेले आणि भोंग्यावर त्यांचा आवाज आला, "समद्यांनी आपापली दारं टाका! वरचं, मधलं, समदी! सुमनवैनीच्या शेताला पाणी जातंय!"

बाहेरगावचा एक पाहुणा शेताकडं बघायला लागला. बाकी सगळे घरात पळाले आणि वायफाय बंद झाले. कमलकाकूंनी तर फोन पिठाच्या डब्यात घातला.

मी घरी येऊन बसले आणि कॉल आला. चित्र एवढं स्वच्छ, की त्या बाईच्या कानातलं दिसत होतं. तात्या कौतुकानं पुढं वाकले. बाई म्हणाली, "मॅडम, शेजारी दुसरं कुणी नको. आणि कुणी बोलायचं नाही."

तात्या बाहेर गेले. खिडकीत उभे राहिले.

मंडळी, तात्यांनी तुमच्यासाठी काय काय केलं ते तुम्ही या ग्रंथात लिहिलं असेल. माझ्यासाठी त्यांनी जे केलं ते तुमच्यापैकी कुणासाठीही केलेलं नाही. ते गप्प बसले. बाई म्हणाली पापण्या मिटा, मी मिटल्या. ती म्हणाली मान वळवा, मी वळवली. ती म्हणाली, "तुमचा आवाज जरा उशिरा पोचतोय, असं का?" आणि खिडकीत तात्यांचा जीव कासावीस झाला. दारं उघडल्यापासून पाणी शेपटाला पोचेपर्यंतचा वेळ, लेटन्सी, ओठांवर आलेली मला दिसली. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड धरलं. काठ्यांवर उभं केलेलं बुजगावणं बरं, असे ताठ उभे.

"मूळ ग्राहक आपले कोण?" तिनं विचारलं.

"पती."

"नंबर कशासाठी हवा आहे?" तिच्यापुढं तसा रकाना असावा.

मी म्हटलं, "फोन येतात."

तिनं मान खाली घालून लिहिलं. मग म्हणाली, "झालं, मॅडम. नंबर आता तुमच्या नावावर." ती गेली.

तिकडं केकचं काय झालं, तेही सांगते. सगळे फोन पालथे असताना सोन्यानं हार ओढून पुढं येऊन अख्खा केक एका दमात खाल्ला. जगानं ते बघितलं नाही. विलासराव अजून म्हणतात, "तात्या, तेवढं लाइव्ह गेलं असतं तर माझा बैल देशात गाजला असता." तात्या म्हणतात, "गाजला असता, पण बैलाला केक का चारला म्हणून सरकारनं तुला विचारलं असतं." पाळीपत्रक मात्र त्याच दिवशी पुसलं गेलं. ठराव वगैरे काही झाला नाही. पुढच्या गुरुवारी मी फळा पुसला आणि कुणी परत लिहिलं नाही. आता ज्याला गरज असेल त्यानं सांगावं, बाकीच्यांनी दारं टाकावीत. भिवाआबा एवढंच म्हणाले, "कालव्यावर बी असं करता आलं असतं तर!"

त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. कॉल संपल्यावर मी फळीखालचा मालकांचा फोन काढला. नंबर खरंच राहिला का, बघायचं होतं. कुणाला लावावा? मला दुसरा नंबर सुचला नाही. खिडकीबाहेर तात्या अजून तोंडावर हात धरून उभे होते. संपलं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी काढून बघितला. पडद्यावर काय नाव आलं ते मला इथून दिसत नव्हतं, पण त्यांनी ते बदललेलं नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

समोर मी आहे, मध्ये फक्त खिडकीचे गज आहेत, हे त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी फोन कानाला लावला आणि बांधावरून ऐकू यायची तशी, लांब ओढून, ओ दिली.

दुसऱ्या दिवसापासून तात्या परत बांधावरून जाऊ लागले.

तात्या, तुमची पंच्याहत्तरी झाली. देवानं तुम्हाला भरपूर आयुष्य द्यावं, गुडघे शाबूत ठेवावेत आणि काकूंच्या पुरणपोळ्या दंडाशिवाय मिळाव्यात. संयोजकांना विनंती, की सत्काराच्या दिवशी माईक तात्यांच्या हाती जेवणानंतरच द्यावा. आणि माझं मागणं एवढंच. मालकांच्या नंबरवरून मी तुम्हाला रोज सकाळी एक हाक देते. काम काही नसतं. तिकडून ओ येत राहो.